कृष्णधवल चित्रपटांसाठी डिस्क कोणती: डीव्हीडी, ब्लू-रे की ४के?

कट्ट्यावरचा_काका
टीव्ही ५५ इंची, सोफा ८ फुटांवर. प्लेअर जुना डीव्हीडीचा, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला. बघायचं ते जवळपास सगळं कृष्णधवल: प्रभात, गुरुदत्त, सत्यजित राय आणि १९४०च्या दशकातलं हॉलिवूड.

माझं मत असं की मुळात रंगच नाहीत, तर डीव्हीडी पुरते. ब्लू-रे आणि ४केचे जादा पैसे रंगीत, मारधाडीच्या चित्रपटांसाठी ठीक. जाणकारांनी हे खोडून काढावं किंवा अनुमोदन द्यावं. नवा प्लेअर घ्यायचाच आहे, फक्त कोणता ते ठरत नाही.

अंधारी_रांग
खोडून काढतो. रंग नाहीत म्हणून कमी चालेल हे उलटं आहे.

डीव्हीडी, ब्लू-रे, ४के (ब्लू-रेच्या चौपट बिंदूंची डिस्क), तिन्हींत रंगाची माहिती चित्राच्या मानाने पाव भागच साठवतात. उजेड-अंधाराची माहिती मात्र पूर्ण ठेवतात. रंगीत चित्रपटात थोडा मऊपणा रंग झाकून नेतो. कृष्णधवलमध्ये झाकायला काही नाही. चेहऱ्याचा पोत, धुकं, साडीचं सूत, सगळं करड्या छटांवर उभं असतं आणि त्या छटा डिस्कने पूर्ण द्याव्या लागतात. फायदा एवढाच की रंगासाठी बिट खर्च होत नाहीत, सगळा बिटरेट (सेकंदाला मिळणारी माहिती) चित्राला मिळतो.

आता आकडे. जुन्या पडद्याचं प्रमाण १.३७:१, म्हणजे जवळजवळ चौकोनी. पाल डीव्हीडीत (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) ७२०×५७६ अशी सगळी चौकट चित्राला मिळते, काही वाया जात नाही. ब्लू-रेत दोन्ही बाजूंना काळे पट्टे जाऊन साधारण १४८५×१०८० उरतं. तरी बिंदू जवळपास चौपट होतात. डोळ्यांच्या पापण्या आणि मागच्या भिंतीवरचा मजकूर दिसायला लागतो तो इथे.

चतकोर_भाकरी
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

वायरमन_पुणे३०
काका, डिस्क राहू दे, आधी ती पिवळी वायर काढा.

पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये मिसळून जातात. टीव्ही ते वेगळे करायला बसला की बारीक उभ्या रेघांना तो रंग समजतो. परिणाम: चौकडीचा कोट, बांबूचा चीक, विणलेली टोपली, काठाची नक्षी, यांवर हिरवी-जांभळी इंद्रधनुष्यं नाचतात. कृष्णधवल चित्रपटात रंगीत झळाळी दिसली तर दहापैकी नऊ वेळा दोष डिस्कचा नसून वायरीचा.

नवा प्लेअर येईपर्यंत टीव्हीच्या मेनूत कलर किंवा सॅच्युरेशन शून्यावर आणा, झळाळी जाईल. जुन्या प्लेअरला हिरवा-निळा-लाल असे तीन व्हिडिओ जॅक असतील तर कंपोनंट वायर लावा. चित्र लगेच सुधारतं आणि खर्च फक्त वायरीचा.

कट्ट्यावरचा_काका
कलर शून्यावर आणला. चिकाचा पडदा खरंच शांत झाला! पण बाजूने माणसं जाड दिसतात ती?

वायरमन_पुणे३०
ते प्रमाण चुकलंय. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही आकार '१६:९' ठेवा आणि टीव्हीवर पिक्चर साइज '४:३'. 'झूम' किंवा 'वाइड' ठेवलं तर एकतर डोक्याचे केस कापले जातात, नाहीतर नायक पहिलवान होतो. एक ताटली किंवा चाक चौकटीच्या मध्यावर असताना पॉज करून बघा. गोल दिसलं की झालं.

मठ्ठा_जिलेबी
आमच्या टीव्हीवर सगळे नायक पहिलवानच आहेत. मला वाटलं दूध चांगलं असायचं तेव्हा.

पेटीमास्तर
सगळे चित्राबद्दल बोलताहेत. गाण्यांचं काय?

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. पाल डीव्हीडी सेकंदाला २५ दाखवते, म्हणून चित्रपट चार टक्के पळवला जातो. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. वेगाबरोबर आवाजही चढतो, पाऊण अर्धस्वराला थोडा कमी. म्हणजे काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं, पण तिथेही नीट बसत नाही. पेटी घेऊन साथ करायला बसा, लागणारच नाही. काही डिस्कवर वेग वाढवून स्वर मात्र मूळ पट्टीवर आणलेला असतो, पण तो अपवाद.

एनटीएससी डीव्हीडीत (अमेरिका-जपानची पद्धत) वेग बरोबर असतो, पण २४ चौकटी सुमारे ३०मध्ये बसवताना काही अर्ध्या चौकटी परत दाखवतात, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. शिवाय तिथे ५७६ऐवजी ४८० ओळी. ब्लू-रे २४चा चित्रपट २४मध्येच देते. गाणी ज्यांच्यासाठी महत्त्वाची, त्यांना हे एकच कारण पुरेसं आहे.

डिस्क घेण्याआधी वेष्टनावरची मिनिटं मूळ लांबीशी ताडून बघा. चार टक्के कमी असतील तर पाल. त्याहून बरीच कमी असतील तर कात्री!

रीळ_नंबर_सात
पेटीमास्तरांना अनुमोदन. त्यात भर: वाईट कुळातल्या एनटीएससी डिस्क आधी पाल व्हिडिओ टेपवरून बनवलेल्या असतात. त्यांत दोन्हींचे अवगुण एकवटतात, स्वर चढलेला आणि चौकटी एकमेकींत मिसळलेल्या. ओळखायचं कसं: संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवा, कोणी हात हलवत असेल तिथे थांबा आणि 'ई' दाबत एकेक चौकट पुढे न्या. हाताची भुतासारखी दुसरी छाया दिसली तर चौकटी मिसळल्यात, त्याला इलाज नाही. नुसत्या कंगव्यासारख्या आडव्या रेघा असतील तर 'डी' दाबून डीइंटरलेस चालू करा, जातील.

पण मूळ विधानाला माझा आक्षेप आहे. तुम्ही सगळे डिस्कचा प्रकार बघताय. बघायचं असतं ते मास्टर, म्हणजे डिस्क कशावरून बनली ते. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली फाइन ग्रेन पॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीला करड्या छटा आटतात, पांढरं फाटतं, काळं गच्च होतं. थिएटरात झिजलेली प्रिंट ४केवर टाकली तर ओरखडे ४केमध्ये दिसतील, एवढंच. निगेटिव्हवरून केलेली साधी डीव्हीडी तिच्यापेक्षा सरस.

उलट उदाहरणही आहे. 'सिटिझन केन'ची (१९४१) मूळ निगेटिव्ह आगीत गेली. डीव्हीडीच्या काळातल्या डिजिटल सफाईत मशिनला बर्नस्टीन या पात्राच्या खिडकीबाहेरचा पाऊस ओरखड्यांसारखा वाटला आणि त्याने तो पुसून टाकला! २०११च्या ब्लू-रेत पाऊस परत आला. म्हणजे 'स्वच्छ' चित्र चांगलं असतंच असं नाही. ग्रेन (फिल्मचे बारीक कण) पुसला की चेहरा मेणाचा होतो.

अंधारी_रांग
मास्टरचं म्हणणं मान्य. पण डीव्हीडीचा बिटरेटही बघा ना. आपल्याकडे 'एकात तीन' डिस्क विकल्या जातात. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी बसतात. दीडशे मिनिटांचा एकच चित्रपट असेल तर सेकंदाला साडेसात मेगाबिट मिळतात, उत्तम. तीन कोंबले की अडीच. ग्रेन म्हणजे सतत बदलणारे ठिपके, त्यांना सर्वांत जास्त बिट लागतात. ते मिळाले नाहीत की आकाशात आणि धुरात चौकोन दिसू लागतात.

घरगुती हिशेब: संगणकावर डिस्कमधल्या व्हिडिओ फोल्डरचा एकूण आकार बघा आणि मिनिटांनी भागा. मिनिटाला ५० एमबीच्या आसपास असेल तर छान, ३० असेल तर चालेल, २०च्या खाली गेलं तर ती डिस्क तबकडी म्हणून पन्हं झाकायला ठेवा.

मठ्ठा_जिलेबी
मध्ये भोक असतं हो, झाकण नाही होणार.

हिशेबनीस
आता अंतराचं. चांगल्या नजरेला बिंदू वेगळा दिसायची मर्यादा एक कला. म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५५ इंची टीव्हीवर ब्लू-रेचा एक बिंदू ०.६३ मिमी. तो साधारण सव्वासात फुटांच्या पलीकडे वेगळा दिसत नाही. काका ८ फुटांवर बसतात, तेव्हा ४केच्या जास्तीच्या बिंदूंचा त्यांना उपयोग नाही. ६५ इंची टीव्हीसाठी हे अंतर साडेआठ फूट आहे.

त्यातून १.३७ प्रमाणाचा चित्रपट ५५ इंची टीव्हीची ७७ टक्के रुंदीच वापरतो. प्रत्यक्षात तुम्ही ४६ इंची चित्र बघता. ४के घ्यायचंच असेल तर आधी सोफा पुढे सरकवा.

चांदीचा_थर
हिशेबनीस, बिंदूंचा हिशेब बरोबर, पण ४के डिस्कमध्ये बिंदूच जास्त असतात असं नाही. डीव्हीडी आणि ब्लू-रे ८ बिटांच्या. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ असे २२० टप्पे. रंगीत चित्रात तीन वाहिन्यांची सरमिसळ असते म्हणून कमी टप्पे खपून जातात. कृष्णधवलमध्ये एवढ्याच २२० करड्या छटा आहेत! सावकाश काळ्या होत जाणाऱ्या भिंतीवर, कंदिलाच्या उजेडाभोवती, धुक्यात, पायऱ्या दिसतात. ४के डिस्क १० बिटांची, तिथे ६४ ते ९४० असे ८७७ टप्पे. हा फरक ८ फुटांवरूनच काय, १२ फुटांवरूनही दिसतो.

एचडीआरबद्दल (४के डिस्कवरची जास्त झळाळीची चित्रपद्धत) मात्र जपून. स्वस्त टीव्हीची झळाळी कमी असते. त्यावर एचडीआर चित्र मलूल दिसतं, मग माणूस ब्राइटनेस वाढवतो आणि काळं राखाडी होतं. अशा टीव्हीला प्लेअरमधूनच एसडीआर (नेहमीच्या झळाळीचं) करून द्यावं. पॅनासॉनिकच्या यूबी८२० प्लेअरमध्ये 'एचडीआर ऑप्टिमायझर' आहे, तो एचडीआरची झळाळी टीव्हीला झेपेल एवढी करून देतो.

हिशेबनीस
१० बिटांचा मुद्दा मान्य. सोफा होता तिथेच राहू दे.

न्यूजर्सीचा_बंडू
प्लेअर घेताय तर रिजनचं (डिस्क कोणत्या देशांत चालेल याचं कुलूप) लक्षात ठेवा, इथे लोक हमखास फसतात. डीव्हीडीत भारत रिजन ५. ब्लू-रेत भारत 'सी', अमेरिका आणि जपान 'ए', ब्रिटन 'बी'. जुन्या क्लासिकचे चांगले ब्लू-रे बहुतेक अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये निघतात. भारतात घेतलेला प्लेअर ते नाकारू शकतो. डीव्हीडीचं रिजन बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटच्या कोडने सुटतं. ब्लू-रेचं सहसा सुटत नाही, त्यासाठी आधीच मुक्त केलेला प्लेअर शोधावा लागतो. ४के डिस्कला रिजनच नाही. पण त्याच डबीत जोडीला असलेली ब्लू-रे लॉक असू शकते, आणि मुलाखती वगैरे जादा माल बहुतेक वेळा तिच्यावरच असतो.

संगणकाच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचं रिजन फक्त पाचदा बदलता येतं. पाचवं ठेवलंत तेच कायमचं. सहज गंमत म्हणून बदलू नका.

आणि घाई करा. ओप्पोने २०१८मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९मध्ये, एलजीनेही २०२४च्या शेवटी हात काढून घेतला.

चतकोर_भाकरी
दुकानं बंद पडतायत आणि आपण कोणती पणती घ्यावी ते ठरवतोय.

प्रभातफेरी
काकांच्या यादीतलं पहिलं नाव राहूनच गेलं, सगळे हॉलिवूडला गेले.

प्रभातच्या चित्रपटांना वरची गणितं जशीच्या तशी लागू नाहीत. तो नायट्रेटचा (चटकन पेट घेणाऱ्या फिल्मचा) काळ. २००३च्या जानेवारीत पुण्यात, जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच एफटीआयआयच्या आवारात, फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि मूळ रिळं गेली. तेव्हा 'संत तुकाराम' (१९३६) किंवा 'कुंकू' (१९३७) यांसाठी हाती आली ती डीव्हीडी घ्या आणि ब्लू-रेची वाट बघत बसू नका. व्हीसीडी असेल तर ती सोडा: ३५२×२८८ चौकट, बिटरेट ११५० किलोबिट, आणि चित्रपट दोन-तीन तबकड्यांत तुटलेला. अभंग ऐन रंगात आला की उठून तबकडी बदला.

दोन गोष्टी तपासा. एक, आवृत्ती. 'कुंकू'चा 'दुनिया न माने', 'माणूस'चा 'आदमी', 'शेजारी'चा 'पडोसी': मराठी आणि हिंदी आवृत्त्या वेगळ्या चित्रित झाल्या, त्यामुळे निगेटिव्हही वेगळी. एकीची प्रिंट बरी म्हणून दुसरीची असेलच असं नाही. दोन, आवाजाची सफाई. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही, घरातले खरेखुरे आवाज आहेत. खरखर काढायला फिल्टर जास्त लावला की घड्याळाची टिकटिकही दबते, आणि त्या चित्रपटात म्हाताऱ्याचं घड्याळ म्हणजे एक पात्रच आहे. थोडी खरखर असलेली डिस्क केव्हाही चांगली. '५.१ आवाज' लिहिलं असेल तर मूळ मोनो ट्रॅक आहे का ते बघा. मोनो मधल्या स्पीकरमधूनच ऐका, 'सराउंड' बंद.

रीळ_नंबर_सात
याच्या उलट टोक म्हणजे राय यांची अपूत्रयी. १९९३मध्ये लंडनच्या लॅबला आग लागून निगेटिव्ह जळाल्या, आखडल्या. तरी त्या टाकल्या नाहीत. बोलोन्याच्या लॅबने रसायनांत भिजवून त्या पुन्हा लवचीक केल्या आणि 'पाथेर पांचाली'चा साधारण ४० टक्के भाग थेट मूळ निगेटिव्हवरून घेतला. बाकीचा दुसरीकडच्या फाइन ग्रेन आणि डुप्लिकेटवरून. २०१५च्या ब्लू-रेत मध्येच ग्रेनचा पोत बदललेला वाटला तर टीव्हीला दोष देऊ नका.

मागच्या बाजूला '४के रिस्टोरेशन' लिहिलं असेल तर तो स्कॅन ४केचा, डिस्क ४केचीच असेल असं नाही. माझ्या मते याच डिस्क सर्वांत परवडणाऱ्या: ४के स्कॅन, ब्लू-रे डिस्क.

तिरकी_खिडकी
गुरुदत्तसाठी इशारा. 'कागज के फूल' (१९५९) सिनेमास्कोप आहे, २.३५:१. जुन्या डीव्हीडीत तो ४:३ चौकटीत वरखाली पट्टे घालून बसवलेला असेल तर ५७६पैकी जेमतेम ३२७ ओळी चित्राला उरतात. १६:९ अ‍ॅनामॉर्फिक डीव्हीडीत (चित्र आडवं दाबून साठवलेलं, दाखवताना रुंद होतं) ४३६, ब्लू-रेत ८१७. त्या चित्रपटात झोतातली धूळ दिसायला हवी. ३२७ ओळींत झोत दिसतो, धूळ नाही. इथे ब्लू-रेच.

बाकीचे १.३७वाले. तिथे उलटा घोळ: टीव्ही भरावा म्हणून चौकोनी चित्र वरखाली कापून १६:९ करतात. वेष्टनावर 'फुल एचडी वाइडस्क्रीन' आणि वर्ष १९५३च्या आधीचं, म्हणजे खात्रीने कापलंय. आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का पूर्ण चित्रपटभर! रडवणाऱ्या प्रसंगात नायिकेच्या खांद्यावर लोगो.

मठ्ठा_जिलेबी
लोगोमुळेच तर ती रडते.

चांदीचा_थर
अवांतर, पण रंगवलेल्या आवृत्त्या. 'मुघल-ए-आझम' २००४मध्ये रंगवून आला, 'नया दौर' २००७मध्ये, 'हम दोनो' २०११मध्ये. ही डिस्क लावून टीव्हीचा कलर शून्य केला की मूळ चित्रपट मिळतो असा समज आहे. नाही मिळत. रंग भरताना छटा आणि कॉन्ट्रास्ट बदलतात, चेहरे सपाट होतात. मूळ कृष्णधवल डिस्क वेगळी शोधा. 'मुघल-ए-आझम'च्या मूळ आवृत्तीत काही भाग खराच रंगीत आहे, तेव्हा तिथे कलर परत जागेवर आणा!

वायरमन_पुणे३०
नवा प्लेअर आला की टीव्हीवर एवढं करा. शार्पनेस शून्य, नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद. कलर टेम्परेचर 'वॉर्म', नाहीतर करडा रंग निळसर दिसतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर यातलं बरंचसं एका बटणात होतं.

सर्वांत घातक गोष्ट मात्र एचडीएमआय ब्लॅक लेव्हल. प्लेअर 'लिमिटेड' (१६ ते २३५) पाठवतो आणि टीव्ही 'फुल' (० ते २५५) धरून बसला तर काळं राखेसारखं दिसतं. उलट झालं तर काळा कोट, काळे केस आणि मागचा अंधार एकच डाग होतो. दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'ऑटो'. काही टीव्हींत याला 'लो/नॉर्मल' म्हणतात, तिथे 'लो'. तपासायला काळ्या कोटातला माणूस रात्रीच्या प्रसंगात पॉज करा. कोटाची कॉलर ओळखू आली आणि बाजूचे पट्टे कोटापेक्षा काळे असले की जमलं.

दमट_डोंबिवली
डिस्क कशी जपायची हेही येऊ द्या. प्रत्येकीची दुखरी बाजू वेगळी. व्हीसीडीत माहितीचा थर वर, लेबलच्या लगेच खाली. वरून ओरखडा पडला की संपलं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, थर मधोमध; वाकवून डबीतून उपटली की कडेने सुटते. ब्लू-रेत थर खालच्या बाजूला फक्त ०.१ मिमी आत, वर कडक लेप असतो, तरी घासू नये. पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पाकिटांतून काढून कडक डबीत, उभ्या, सिलिका जेलची पुडी टाकून.

खालून जांभळट दिसली तर ती घरी बर्न केलेल्या जातीची, छापलेली नव्हे. पूर्ण किंमत देऊ नका.

कट्ट्यावरचा_काका
माझं पहिलं मत मागे. आता असं ठरतंय: ४के प्लेअर घेतो, कारण तो तिन्ही चालवतो. प्रभात डीव्हीडीवरच, मिनिटाला ३० एमबीच्या वर असेल ती. राय आणि गुरुदत्त ब्लू-रे. ४के डिस्क फक्त हॉलिवूडची, जिथे मास्टर चांगलं आहे. बरोबर?

रीळ_नंबर_सात
बरोबर. 'कॅसाब्लांका' ४केवर २०२२मध्ये आला, 'सायको' २०२०मध्ये. तिथून सुरुवात करा.

न्यूजर्सीचा_बंडू
राय घेण्याआधी डबीवर 'ए' आहे की 'बी' ते बघा.

पेटीमास्तर
आणि प्रभातच्या डीव्हीडीबरोबर पेटी काढणार असाल तर आधी मिनिटं मोजा.

कट्ट्यावरचा_काका
'संत तुकाराम'ची डिस्क मोजली. मिनिटाला २६ एमबी.

अंधारी_रांग
घ्या. तुकारामांना तेवढी सवलत.